काष्ठनगरीची वाट : गतिशिल्पाची कुळकथा

ज्या शिल्पाचे भाग यंत्राने किंवा वाऱ्याने प्रत्यक्ष हलतात, त्या गतिशिल्पाचा इतिहास एरवी नाउम गाबोने १९१९-२०मध्ये मॉस्कोत घडवलेल्या कंप पावणाऱ्या सळईपासून सुरू होतो आणि कॅल्डर, टिंगेली यांच्यामार्गे मुंबईच्या सुदर्शन शेट्टी (जन्म १९६१) यांच्यापर्यंत येतो. शेट्टी यांच्या ‘लव्ह’ (२००६) या कृतीत डायनासोरचा सांगाडा आणि मोटारगाडी यांची रतिक्रीडा यंत्रबळाने चालते. भावनेवाचून भावनेच्या हालचाली होत राहतात, हेच तिचे दुःख आहे.

या दुःखाचे मूळ मात्र गोदावरीकाठी शोधावे लागते. सोमदेवाच्या अकराव्या शतकातील ‘कथासरित्सागरा’त राज्यधर नावाचा सुतार राजभयाने पळून एका ओस नगरात येतो आणि चालत्याफिरत्या लाकडी माणसांनी ते वसवून त्यांच्यात एकटाच राहतो. हा ग्रंथ ज्या लुप्त ‘बृहत्कथे’वरून रचला गेला, तिचा कर्ता गुणाढ्य परंपरेने सातवाहनांच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा मानला जातो.

ही यंत्रविद्या कोणाची, हा खरा वादाचा मुद्दा आहे. सोमदेव तिचे मूळ मयासुराकडे नेतो. ‘बृहत्कथे’चाच दुसरा वारस असलेला बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’ मात्र आकाशयंत्रे यवनांनाच, म्हणजे ग्रीकांनाच, ठाऊक असल्याचे सांगतो. देशी मूळ मानणारे अभ्यासक भोजाच्या ‘समरांगणसूत्रधारा’तील यंत्रप्रकरण पुढे करतात, परंतु ते सातवाहनांनंतर कित्येक शतकांनी लिहिले गेले असून, तोवर उसनी विद्याही पूर्णपणे घरची झालेली असू शकते. याउलट इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दोन्ही पेठांची नावे असून तेथील माल गाड्यांनी भडोचला जाई, असे म्हटले आहे, आणि त्याच शतकात अलेक्झांड्रियाचा हेरॉन आपोआप चालणाऱ्या बाहुल्यांच्या रंगभूमीवर ग्रंथ लिहीत होता. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचे, आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथे मिळालेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पॉम्पेईत १९३८मध्ये सापडलेल्या मूर्तीची सख्खी बहीण शोभावी अशी आहे. तेरहून तेलंगणातील सातवाहन नगरांकडे जाणारी वाट लातूर-नांदेडच्या पठारावरूनच गेली असली पाहिजे, आणि तिच्यावरून मण्यांबरोबर कारागिरांचे किस्सेही फिरले असणार. लाकडी यंत्रे या काळ्या मातीत टिकणे शक्यच नव्हते. टिकली ती गोष्ट.

म्हणून तंत्र यवनांचे असले, तरी लाकडी माणसांत एकट्या पडलेल्या कारागिराची कल्पना इथलीच मानली पाहिजे, आणि गतिशिल्पाचा इतिहास लिहिताना पहिले प्रकरण मॉस्कोला न देता पैठण-तेरच्या वाटेला दिले पाहिजे.