नाकापर्यंत आल्यावर

गेल्या रविवारची दुपार. बाहेर ४१ डिग्री. घरात एसी चालू, पडदे बंद, हातात पन्ह्याचा ग्लास आणि सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर राजकारणाची जुंपलेली. कुठलं सरकार बरं, झाडं कोणी तोडली, पाणी कोणी पळवलं... दोन तासांत दीडशे मेसेज. त्यातले सात-आठ माझे. मध्येच कोणीतरी लिहिलं, "गेटवरच्या केबिनचा पंखा बंद आहे, वॉचमनकाका विचारत होते." त्यावर एक अंगठा आला आणि गाडी परत दिल्लीकडे वळली.

मला एकदम लंडनचा १८५८ सालचा उन्हाळा आठवला. (सोमवार ते शुक्रवार कोड, शनिवार-रविवार इतिहास, असा आपला शिरस्ता.)

तर मंडळी, त्या जूनमध्ये लंडनचा पारा सावलीत ३४-३५ डिग्रीवर गेला. तुम्ही म्हणाल, यात काय विशेष, आपल्याकडे हा फेब्रुवारी. पण लंडनचं दुखणं उन्हाचं नव्हतं, थेम्सचं होतं. पंचवीस लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, घरोघरी नव्यानेच आलेले फ्लशचे संडास, आणि सगळी घाण गटारांतून थेट नदीत. कित्येकांचं प्यायचं पाणीही त्याच नदीतलं. उन्हानं पाणी आटलं, काठाचा गाळ तापला आणि जो वास सुटला त्याला इतिहासात चक्क नाव मिळालं : 'ग्रेट स्टिंक', म्हणजे महादुर्गंधी.

हे अचानक झालं का? अजिबात नाही. मायकेल फॅरेडे (हो, तोच, बारावीच्या फिजिक्सवाला) १८५५ सालीच बोटीतून जाताना पांढऱ्या कागदाचे तुकडे पाण्यात टाकून बघत होता. इंचभर खाली जायच्या आत ते दिसेनासे होत. त्यानं 'टाइम्स'ला पत्र लिहिलं. १८४८-४९ च्या कॉलऱ्यात लंडनमध्ये चौदा हजारांवर माणसं गेली होती, १८५३-५४ मध्ये आणखी दहा हजारांवर. जोसेफ बॅझलजेट नावाच्या इंजिनिअरनं नव्या गटारांचा आराखडा १८५६ मध्येच दिला होता. पण गटारांचं तोंड शहरापासून किती लांब असावं यावर दोन वर्षं फाईल इकडून तिकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर बग रिपोर्टेड, फिक्स तयार, अप्रूव्हल पेंडिंग.

मग १८५८ मध्ये काय बदललं? वास पार्लमेंटच्या खिडकीतून आत आला, एवढंच. इमारत अगदी नदीच्या काठावर. पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवून लावले, उपयोग शून्य. अर्थमंत्री डिझरायली एका हातात कागद आणि नाकाला रुमाल लावून कमिटीच्या खोलीतून बाहेर पळाले. 'पंच' साप्ताहिकानं कार्टून काढलं : थेम्सबाबा आपल्या पोरांची, म्हणजे घटसर्प, गंडमाळा आणि कॉलरा यांची, लंडनदेवीशी ओळख करून देतायत. तोवर गटारांच्या तोंडाशी शेकडो टन चुना ओतणं चालू होतं. याला आमच्याकडे हॉटफिक्स म्हणतात.

१५ जुलैला डिझरायलींनी विधेयक मांडलं, २ ऑगस्टला कायदा झाला. अठरा दिवस! दहा वर्षांत पंचवीस हजार मेलेल्यांना जे जमलं नाही ते एका वासानं करून दाखवलं. व्हीपीच्या लॅपटॉपवर बग दिसला की तो कसा रातोरात पी-वन होतो, ते तुम्हाला माहीत आहेच.

अजून गंमत (की शोकांतिका?) पुढे आहे. कॉलरा वासातून नाही, पाण्यातून पसरतो, हे डॉक्टर जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवलं होतं. फार कोणी ऐकलं नाही. ते वारले १६ जून १८५८ ला, ऐन महादुर्गंधीत. पार्लमेंटनं गटारं बांधायचं ठरवलं ते वास घालवायला, पण त्यामुळे पिण्याचं पाणी सुधारलं. पुढे १८६६ ला कॉलरा आला तो मुख्यतः ईस्ट एंडमध्ये, जिथे नव्या गटारांचं काम पुरं झालेलं नव्हतं. साडेपाच हजारांवर माणसं गेली. लंडनमधली ती शेवटची मोठी साथ. थोडक्यात, रिक्वायरमेंट चुकीची, सोल्यूशन बरोबर.

आणि एक तारीख. त्याच २ ऑगस्ट १८५८ ला त्याच पार्लमेंटचा दुसरा एक कायदा मंजूर झाला : हिंदुस्थानचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडून काढून राणीकडे देणारा. स्नो गेले त्याच आठवड्यात ग्वाल्हेरजवळ झाशीची राणी लक्ष्मीबाई लढताना पडली. बुंदेलखंडातल्या त्या मोहिमेत इंग्रजांचे सैनिकसुद्धा उष्माघातानं कोसळत होते. आपल्या देशाचं भवितव्य जिथे ठरत होतं तिथले लोक नाकाला रुमाल धरून बसले होते. पण ग्वाल्हेरच्या उन्हाचा वास काही त्या खिडकीतून आत आला नाही.

असो. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आलो तर लाइट गेलेले, लिफ्ट बंद. अकरा मजले चढायचा धीर होईना म्हणून केबिनमध्ये टेकलो. वर पत्रा, पंखा बंद. काकांनी स्वतःची खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं. वीस मिनिटांत माझा शर्ट पिळून काढण्यासारखा झाला. काका तिथे बारा तास बसतात, आणि हा त्यांचा तिसरा उन्हाळा. "गेल्या वर्षी पण सांगितलं होतं साहेब," ते म्हणाले. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतंच.

तिथूनच ग्रुपवर मेसेज टाकला, सेक्रेटरींना फोन केला. बुधवारी नवा पंखा लागला. सगळे म्हणाले, वा, काय फॉलोअप घेतलास! मी थँक्स म्हटलं. खरं तर रोज दोनदा मी त्या केबिनसमोरून जातो, काच वर करून.