जव्हार-मोखाड्यातील सौर पाणीयोजना आणि लोकवर्गणी

पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातील पोशेरा आणि त्याच्या आसपासचे पाडे ज्या डोंगराळ पट्ट्यात वसले आहेत, तेथील सामूहिक सौरऊर्जेचा इतिहास हा मुख्यतः पिण्याच्या पाण्याचा इतिहास आहे. वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होऊनही बेसॉल्टचा कातळ आणि तीव्र उतार यांमुळे पाणी मुरत नाही, आणि फेब्रुवारी-मार्चपासून विहिरी आटू लागतात. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान 1948 मध्ये विलीन झाले, तर मोखाडा त्याआधीपासूनच ब्रिटिश ठाणे जिल्ह्यात होता; राज्यकर्ते वेगळे असले तरी दोन्हीकडच्या वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी वस्त्यांतील बायकांना पाण्यासाठी दरीच उतरावी लागत असे. याच परिसरातील वैतरणेवर मुंबईसाठी 1957 मध्ये मोडकसागर उभा राहिला आणि पुढे मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे सुमारे 102 मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण झाले. तरीही तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, ही विसंगती कोणत्याही अहवालाने झाकता येणारी नाही.

नळयोजना पूर्वीही आल्या होत्या. त्यांपैकी अनेकींचा घात विजेने केला, कारण पुरवठा अनियमित असे आणि पंपाचे थकलेले बिल भरण्याइतके उत्पन्न ग्रामपंचायतीकडे नसे. केंद्र सरकारने 25 डिसेंबर 2002 रोजी सुरू केलेल्या स्वजलधारा योजनेत भांडवली खर्चाचा 10 टक्के वाटा गावाने उचलावा, अशी अट घातली. लोकवर्गणी, म्हणजे गावकऱ्यांनी रोख रकमेने वा श्रमदानाने द्यावयाचा हिस्सा, ही कल्पना येथून सरकारी भाषेत रुजली. मात्र सावड किंवा इर्जिक या नावांनी एकमेकांच्या शेतात फेडीने राबण्याची रीत महाराष्ट्रात त्याहून कितीतरी जुनी आहे.

सौरपंपाने नेमकी बिलाची अडचण दूर केली. दरीतील विहिरीत पाणबुडी पंप सोडायचा, उघड्या जागेवरील पॅनलांची वीज नियंत्रकामार्फत त्याला द्यायची, पाणी पाड्याच्या वरच्या अंगाला बांधलेल्या टाकीत चढवायचे आणि तेथून उताराने नळकोंडाळ्यांपर्यंत सोडायचे, अशी ही रचना असते. ऊर्जा साठविण्याचे काम भरलेली टाकीच करीत असल्याने महागड्या बॅटरीची गरज उरत नाही. घरगुती सौरदिव्यांचे अपयश बहुधा बॅटरीतच दडलेले असे, कारण काही वर्षांनी ती निकामी झाली की नवी आणण्याची जबाबदारी कोणाचीच नसे. शिवाय ऊन सर्वांत कडक असते ते मार्च ते मे या महिन्यांत, आणि पाण्याची निकडही तेव्हाच सर्वाधिक असते. अर्थात विहीरच कोरडी पडली तर पंप काहीही करू शकत नाही, म्हणून बंधाऱ्यांची कामे या योजनांना जोडून घ्यावी लागतात.

जव्हारची प्रगती प्रतिष्ठान, मोखाड्यात 2006 पासून कार्यरत असलेली आरोहन आणि पुण्याची ग्राम ऊर्जा यांसारख्या संस्थांनी या भागात अशी कामे केली. ग्राम ऊर्जेने 2012 मध्ये जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत 9.4 किलोवॉटचे सौर सूक्ष्मजाल, म्हणजे एका वस्तीपुरते स्वतंत्र वीजवितरण, उभारले होते; तेथे घरोघरी मीटर बसवून वसुली गावाच्याच न्यासाकडे सोपविली गेली, आणि यंत्राची मालकी गावाकडे असावी हा विचार ठळक झाला.

तथापि या प्रकल्पांना सरसकट लोकांच्या पैशातून उभे राहिलेले म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पॅनल, पंप आणि टाकीचा मोठा खर्च प्रायः देणगीदार उचलतात, आणि कंपनी कायदा 2013 मधील सामाजिक दायित्वाची तरतूद 1 एप्रिल 2014 पासून लागू झाल्यावर कंपन्यांचा पैसाही त्यात आला. गावाचा वाटा चर खणण्यात, पाइप वाहून नेण्यात आणि देखभालीच्या मासिक वर्गणीत असतो. हा वाटा रकमेने लहान वाटला, तरी योजनेचे आयुष्य त्यावरच ठरते. त्यातही दिवाळीनंतर अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जात असल्याने बारमाही मासिक वसुलीचा शहरी हिशेब येथे लागू पडत नाही.

जलजीवन मिशनने 2019 मध्ये डोंगराळ व आदिवासीबहुल गावांसाठी ही वर्गणी 5 टक्क्यांवर आणली. राज्याच्या 2014 च्या पेसा नियमांनी, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातील स्वशासनाच्या नियमांनी, पाड्याला स्वतःची ग्रामसभा मागण्याचा मार्ग दिला आणि 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट ग्रामपंचायतींना मिळू लागला. देणगीदार शोधत बसण्यापेक्षा या निधीतील ठराविक भाग पंपाच्या दुरुस्तीसाठी दरवर्षी राखून ठेवण्याचा ठराव पोशेऱ्यासारख्या गावांच्या ग्रामसभांनी करावा, आणि पाणी समित्यांची जमाखर्चाची वही सर्वांना पाहता येईल अशी ग्रामपंचायतीत ठेवावी.