घरगुती आठवणींचें टिपण : मूळ व टीका

इतिहासाचीं साधनें म्हटलीं कीं दप्तरें, सनदा, महजर, बखरी व शकावल्या डोळ्यांपुढें येतात. त्यांच्या संग्रहाचें महत्त्व आतां कोणास पटवून द्यावयास नको. परंतु प्रत्येक घरांत आणखी एक साधन असतें, तें म्हणजे वृद्ध माणसांची स्मृति. तें कसें टिपावें व टिपतांना कोणता दोष टाळावा, याविषयीं अनुभवास आलेलें थोडेंसें येथें मांडावयाचें आहे.

यास उत्तम उदाहरण विष्णुभट गोडसे यांचें. वरसईचे हे भिक्षुक घरचें कर्ज फेडण्याकरितां सन १८५७ मध्यें द्रव्यार्जनार्थ उत्तर हिंदुस्थानांत गेले व बंडाच्या धामधुमींत सांपडले. सन १८५८ मध्यें इंग्रजांनीं झांशी घेतली तेव्हां ते त्या शहरांतच होते. पुढें चिंतामणराव वैद्य यांनीं आग्रह केला म्हणून सन १८८३ च्या सुमारास त्यांनीं आपली हकीकत लिहून काढली. हा आग्रह झाला नसता तर एका सामान्य प्रवाशानें पाहिलेली झांशी त्याच्याबरोबरच गेली असती. वैद्यांचे हे उपकार मोठेच आहेत. परंतु सन १९०७ मध्यें ‘माझा प्रवास’ या नांवानें तें पुस्तक छापतांना त्यांनीं मुळाच्या भाषेंत फेरफार केले व कांहीं मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळांत राहिलें म्हणूनच दत्तो वामन पोतदार यांना सन १९६६ मध्यें मुळाबरहुकूम पाठ प्रसिद्ध करतां आला. मधल्या ५९ वर्षांत वाचकांपुढें होता तो संस्कारित पाठ.

कुलवृत्तांतांनीं अनेक घराण्यांच्या वंशावळी जपल्या, हें खरें. पण त्यांत बहुधा पुरुषांचीं नांवें, शिक्षण व हुद्दे विस्तारानें येतात. स्त्रियांस एखादी ओळ मिळते. घरांतील हकीकती मात्र पुष्कळदां स्त्रियांच्याच तोंडीं असतात. आमच्या घरीं तसेंच होतें.

आमच्या पुण्याच्या नदीकांठच्या वाड्यांत जुन्या वह्यांची एक पेटी होती. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पूर आला, त्यांत ती गेली. तींत काय होतें हें जाणणाऱ्या एकट्या माझ्या आत्याबाई उरल्या. लहानपणीं त्या आपल्या आजोबांना त्या वह्या वाचून दाखवीत असत. ‘सवडीनें सर्व लिहून घेऊं,’ असें मी सुटीमागून सुटी म्हणत राहिलों. अखेर एका दुपारीं बसलों व तीन पानें लिहिलीं. त्यांत एक हकीकत अशी होती कीं, प्लेगांत सर्व घर गांवाबाहेर झोपडींत राहिलें होतें आणि राणीच्या ज्युबिलीचें दारूकाम त्यांच्या आजीनें झोपडीच्या दारांतून पाहिलें.

मीं तत्काळ शंका काढली. पुण्यांतील पहिली साथ सन १८९७ च्या मे महिन्यांत ओसरली होती, आणि ज्युबिलीचा समारंभ ता. २२ जून रोजीं झाला. त्याच रात्रीं रँडवर गोळी झाडली गेली. मग त्या दिवशीं झोपडी कोठून आली? आत्याबाई गप्प झाल्या. ‘असेल बाबा, तूं शिकलेला आहेस,’ एवढेंच त्या म्हणाल्या, आणि मीं तें वाक्य खोडलें.

आतां वाटतें, साथ ओसरली तरी घरांत परतण्यास धीर न होऊन कांहीं कुटुंबें बाहेरच राहिलीं असणें अशक्य नाहीं. किंवा दोन आठवणी एकींत मिसळल्या असतील. तें विचारावें म्हणून पुढच्या सुटींत गेलों, तों आत्याबाई राहिल्या नव्हत्या. वैद्यांच्या फेरफारावर उपाय होता, कारण मूळ हस्तलिखित शिल्लक होतें. माझ्या खोडलेल्या वाक्यास तसें मूळ नाहीं.

न्यायशास्त्रांत आप्तवाक्य हें प्रमाण मानलें आहे, पण वक्ता आप्त आहे कीं नाहीं हें पाहण्यास सांगितलें आहे. परीक्षा अवश्य करावी. ती मुळांत घुसडूं नये. आमचे टीकाकार मूळ श्लोक एकीकडे देत व आपला अर्थ, पाठभेद आणि शंका टीकेंत नोंदवीत. मल्लिनाथाचे ग्रंथ शिकविणाऱ्या मला हें ऐन वेळीं आठवलें नाहीं, ही खेदाची गोष्ट होय.

म्हणून वाचकांस विनंति ही कीं, घरांतील वृद्ध जें सांगतील तें त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावें. वर तारीख, स्थळ, सांगणाऱ्याचें नांव व वय असावें. गोष्ट स्वतः पाहिलेली कीं ऐकलेली, आणि ऐकलेली तर कोणाकडून, हें विचारून लिहावें. आपली शंका समासांत, आपल्या नांवानें लिहावी. जुन्या छायाचित्रांच्या पाठीवर माणसांचीं नांवें शिसपेनीनें नोंदवावीं. आज आवाज मुद्रित करणें सुलभ झालें आहे. तोही ठेवावा, परंतु लेखी प्रतही करावी. एक प्रत घरीं व दुसरी एखाद्या संग्रहालयांत ठेवावी, म्हणजे एका पुरानें दोन्ही जाणार नाहींत.

आणि हें काम पुढच्या सुटीवर टाकूं नये.