विद्युत् तारजोडणीची तपासणी (नांदेड व लातूर)

इमारतीतील वा कारखान्यातील तारा, जोड, फ्यूज व अर्थिंग नियमांस धरून व जीवितास निर्धोक आहेत की नाहीत, याची पडताळणी. विद्युत् अधिनियम, २००३ च्या १६२ व्या कलमान्वये नेमलेल्या विद्युत् निरीक्षकाच्या अखत्यारीत हे काम येते. अपघाताची वर्दी देण्याची तजवीज १६१ व्या कलमात आहे.

प्रथम नजरेने पाहणी होते. काळवंडलेला सॉकेट किंवा फ्यूजच्या जागी कोंबलेली जाड तार दिसली, म्हणजे उपकरण पेटीतून निघण्यापूर्वीच निम्मा निकाल लागतो. मग पुरवठा तोडून मेगरने ५०० व्होल्टांवर निरोधन मोजतात, आणि ते १ मेगओहमहून कमी भरल्यास एकेक मंडल वेगळे काढून दोषाचा माग घेतात.

या प्रदेशात खरी कसोटी अर्थिंगची. येथील काळी जमीन पावसाळ्यात ओल धरून प्रवाहास सुलभ वाट देते, परंतु उन्हाळ्यात भेगाळून पुरलेल्या अर्थ-इलेक्ट्रोडपासून सुटते, आणि आषाढात समाधानकारक आलेला रोध वैशाखात भलताच चढलेला आढळतो. सबब मोजणी कोरड्या ऋतूत करावी. तपासणीच्या आदल्या रात्री अर्थिंगच्या खड्ड्यात पाण्याच्या घागरी ओतून आकडा सुधारणे ही निव्वळ आत्मवंचना होय, जरी ती पुष्कळांना सोयीची वाटते.

लातूरच्या डाळगिरण्यांत बारीक भुकटी स्विचांत साचून तापते व पेट घेऊ शकते. तेथे धूळबंद पेट्या आवश्यक. घरगुती मंडलांत ३० मिलिअँपिअर गळतीस पुरवठा तोडणारे साधन चाचणीच्या कळीने प्रत्यक्ष चालवून पाहतात.