दाणा आणि वैरण यांची फारकत

गुरांसाठी म्हणून वेगळे पीक पेरायचे, ही पद्धत पुण्याच्या पश्चिमेकडील गावांत सरसकट रुजली ती अलीकडे. त्याआधी वैरण मुख्यतः माणसाच्या पोटासाठी केलेल्या शेतीतून निघत असे. हिंजवडीचे स्थान या दृष्टीने बोलके आहे. मुळशी तालुक्यातले हे गाव मावळपट्टा आणि देश यांच्या उंबरठ्यावर आहे. पश्चिमेला पावसाचा, भाताचा मुलूख आणि तिथला पेंढा. पूर्वेला पाऊस उतरत जातो, तशी ज्वारी-बाजरी येते आणि तिच्यासोबत कडबा नि सरमाड. कणसे माणसांची, ताटे जनावरांची, अशी ही वाटणी होती. तिच्या जोडीला बांधावरचे गवत, उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यावर दाट पेरलेले थोडे कडवळ आणि गावाचे गायरान. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळला 1930च्या दशकात निवड पद्धतीने तयार झालेला ‘मालदांडी 35-1’ हा वाण शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडला नाही, याचे कारणही यातच आहे. त्याची भाकरी चांगली होते आणि कडबाही जनावरे आवडीने खातात. पुढे अधिक दाणा देणारी बुटकी संकरित ज्वारी आली, तेव्हा अनेक कोरडवाहू शेतकऱ्यांनी रब्बीत तिच्याकडे पाठ फिरवली, ती कडब्याचा हिशेब करूनच. माझे म्हणणे असे की, चाऱ्याच्या मक्याचा इतिहास हा एका नव्या पिकाच्या आगमनाइतकाच या जुन्या वाटणीच्या मोडण्याचाही इतिहास आहे, आणि तो तसा वाचला तरच पुढची वाट दिसेल.

ही वाटणी मोडण्याचे पहिले कारण जमीन. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी सहकाऱ्यांसह पिंपळे सौदागर या गावाची पाहणी केली आणि ती 1917 साली प्रसिद्ध झाली. वाकड ओलांडले की हिंजवडीहून हे गाव दूर नाही. जुने दफ्तर धुंडाळून त्यांनी दाखवले की, 1771 मध्ये सरासरी 40 एकर असलेली धारणा 1914-15पर्यंत 7 एकरांवर आली होती. 40 एकरांच्या धन्याला थोडी जमीन पड ठेवून गवत राखता येई. 7 एकरांच्या धन्याला ते परवडत नाही. मग सगळा भार गायरानावर येतो. महसुली कायद्याने मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याची तरतूद केली होती खरी, पण गायरान सरकारी असल्याने नव्या सार्वजनिक कामासाठी सगळ्यांत आधी नजर त्याच्यावरच जाई. अतिक्रमणे तर गावोगाव झाली.

दुसरे कारण म्हणजे गाय बदलली. जुनी गाय मुख्यतः बैलासाठी पाळलेली. कडब्यावर तगून राहणे हाच तिचा गुण. दुधासाठी गाय पाळायची तर चाराही पिकवावा लागतो, हे पिंपरीच्या लष्करी डेअरी फार्मसारख्या संस्थांना ठाऊक होते. सामान्य शेतकऱ्याच्या गोठ्यात ते गणित नंतर आले. 1967 साली मणिभाई देसाई यांनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ या संस्थेची स्थापना केली आणि संकरित गाईंचा प्रसार वाढला. अशा दुभत्या गाईला दिवसाला 20-25 किलो हिरवा चारा लागतो, असा ढोबळ हिशेब सांगितला जातो. कडब्यातली तीन-चार टक्के प्रथिने तिला पुरत नाहीत. नेमक्या या गरजेला मका उत्तर म्हणून आला. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेला ‘आफ्रिकन टॉल’ साधारण दोन महिन्यांत कापणीला येतो. कोवळ्या ज्वारीत विषबाधेचा जो धोका असतो, तो मक्यात नाही. दाणे चिकात असताना कापून, कुट्टी करून, हवा काढून दाबला की त्याचा उत्तम मुरघास होतो. कमी जमिनीत अधिक दूध हवे असणाऱ्याने मका निवडला, यात त्याचे काहीच चुकले नाही.

मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. एकरी चारा मक्याचा जास्त आणि मुरघास दुष्काळातही टिकतो, मग मागे वळून का पाहायचे? आक्षेप वजनदार आहे, पण तो चांगल्या वर्षाचा हिशेब मांडतो. उन्हाळी मक्याला पाणी लागते. ज्या वर्षी चारा सर्वाधिक हवा, त्याच वर्षी विहीर आटलेली असते. रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवर येते आणि तिच्या कडब्याची गंजी प्लॅस्टिकच्या पिशवीवाचून उभी राहते. 2018 साली अमेरिकन लष्करी अळी देशात आली आणि तिने मक्यालाच गाठले. आता कोंबडीखाद्यासोबत इथेनॉलसाठीही मक्याच्या दाण्याला मागणी आहे, म्हणजे भाव वाढेल तसा चाऱ्याचा मका बाजाराशी बांधला जाईल. शिवाय मक्यात पिष्ट भरपूर, प्रथिने मात्र आठ-नऊ टक्केच. लसूण घासात ती दुपटीहून अधिक. साखरपट्ट्यात स्वस्त म्हणून घातले जाणारे उसाचे वाढे हा तर पर्यायच नव्हे, कारण त्यातले ऑक्झॅलेट जनावराच्या अंगचे कॅल्शियम वापरू देत नाही. एका पिकावर गोठा उभा करणे ही जोखीम आहे. जुनी पद्धत उत्पादनात कमी पडत होती, पण जोखीम वाटून घेण्यात ती शहाणी होती.

दुसरा आक्षेप हिंजवडीपुरता आहे. 1990च्या दशकाअखेर इथे औद्योगिक विकास महामंडळाचे राजीव गांधी इन्फोटेक पार्क आले, मागोमाग माण-मारुंजीची शिवारेही बदलली. मग इथल्या वैरणीचा इतिहास कशाला उगाळायचा? कारण गोठे हटले तरी दुधाची गरज इथे कितीतरी पटींनी वाढली. ती भागवण्याचे ओझे आता दूरच्या तालुक्यांतल्या जमिनीवर आणि पाण्यावर आहे. पिंपळे सौदागरच्या दफ्तराने दाखवलेली उतरण आता तिथल्या धारणा उतरत आहेत. तेव्हा जुन्या वाटणीतले तत्त्व नव्या गोठ्यात आणायला हवे. मुरघासाला मका असावा. बांधावर आणि सांडपाण्यावर संकरित नेपियर. प्रथिनांसाठी लसूण घास. आणि कोरडवाहू तुकड्यात दाणा-कडबा दोन्ही देणारी ज्वारी. त्यासाठी ज्वारीच्या खरेदीत आणि संशोधनात कडब्याचे मोल धरले गेले पाहिजे, आणि सामाईक जमिनींवरची अतिक्रमणे हटवण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा 2011चा आदेश उरलेल्या गायरानांपुरता तरी पाळला गेला पाहिजे. ज्या शहराने वैरणीची जमीन घेतली, त्याने दुधाच्या भावात वैरणीची किंमत मोजणे हे न्यायाचे आहे.