आवाजाची साक्ष

चेन्नईच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवर, समुद्रकाठी, कोवलम हे गाव आहे. रविवारी तेथील वाळूवर बसले की आम्हांस तेथल्या जुन्या किल्ल्याची हकीकत आठवते. १७५० साली एक फ्रेंच जहाज येथे नांगरले व संकटाच्या खुणा करू लागले. रोगाने खलाशी मरत आहेत, उरलेल्यांस किनाऱ्यावर आसरा द्या, अशी विनवणी झाली. नबाबाच्या अधिकाऱ्याने ती मान्य केली. तीसएक रोडके, आजारी दिसणारे लोक आत आले. त्यांनी शस्त्रे लपवून आणली होती. रात्रीतून किल्ला गेला. पुढे १७५२ साली क्लाइव्हने तो जिंकला व त्याचा तट उडवून दिला.

ही झाली रूपाची बतावणी. आवाजाची बतावणी आमच्या देशाने २४ मे १९७१ रोजी पाहिली. दिल्लीच्या संसद मार्गावरील स्टेट बँकेच्या मुख्य रोखपालास दूरध्वनी आला. प्रथम पंतप्रधानांचे सचिव व मग स्वतः इंदिरा गांधी बोलत असल्याचा त्यांचा समज झाला. त्यांनी साठ लाख रुपये एका माणसाच्या हवाली केले. पावती मागावयास गेल्यावर उलगडा झाला. आपण आवाजाची नक्कल केली, अशी कबुली रुस्तम नगरवाला यांनी दिली. या प्रकरणाविषयीच्या शंका मात्र कधी मिटल्या नाहीत.

याउलट, आवाजाने एका कारकुनाची बाजू सावरल्याचेही उदाहरण आहे. मुंबई महापालिकेच्या एका कारकुनास लाच देऊ केल्याच्या प्रकरणात बाहेरच्या खोलीत मायक्रोफोन लपविला होता, आणि ध्वनिमुद्रक व पोलीस आतल्या खोलीत होते. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ध्वनिमुद्रण ग्राह्य धरले. परंतु फीत पुसून पुन्हा वापरता येते, म्हणून असा पुरावा सावधपणे घ्यावा, असेही बजावले. फितीने त्या कारकुनाच्या साक्षीस दुजोरा दिला. त्याच्या साक्षीची जागा तिने घेतली नाही.

हा भेद आज विसरून चालणार नाही. १९६२ साली अमेरिकेत केर्स्टा यांनी आवाजाचा आलेख बोटांच्या ठशासारखा मानला. १९७९ साली तेथील शास्त्रज्ञांच्या समितीने त्याविषयी सावधगिरीचा इशारा दिला. आपल्याकडे आरोपीस आवाजाचा नमुना देण्याचा आदेश दंडाधिकारी देऊ शकतात, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत तशी स्पष्ट तरतूद आहे. म्हणजे शासन आवाजावरून माणूस ओळखू पाहते, त्याच काळात थोड्याशा नमुन्यावरून यंत्र कोणाचाही आवाज घडवू लागले आहे. तेव्हा केवळ आवाज जुळला म्हणून कोणास दोषी ठरविणे न्यायाचे होणार नाही. तो कोणी, कोठे, कसा टिपला, हे सांगणारा माणूस उलटतपासणीस उभा राहिलाच पाहिजे.

आम्हां परप्रांतीयांस तर हा घरचाच प्रश्न आहे. गावी असलेल्या आईपाशी आमचा आवाजच तेवढा पोहोचतो. आमच्या आवाजात कोणी रडून पैसे मागितले, तर फोन ठेव आणि आमच्या नेहमीच्या क्रमांकावर स्वतः फोन कर, असे आम्ही तिला सांगून ठेवले आहे. ती म्हणाली, "म्हणजे तुझ्या आवाजावरही विश्वास ठेवायचा नाही का रे?" ठेवावा, पण दिल्लीच्या त्या रोखपालाने मागितली तशी पावती आधी घ्यावी.