जीपीएसचा आकडा बरोबर, तरी जमीन १८० मीटर सरकते? डेटमची भानगड समजून घ्या

वनहक्क कायद्यात वैयक्तिक दाव्याची कमाल मर्यादा आहे ४ हेक्टर. चौकोनी धरली तर ही जमीन २०० मीटर लांब आणि २०० मीटर रुंद होते. आता समजा, हातातलं जीपीएस घेऊन तिचे चारही कोपरे नीट नोंदवले, पण नकाशावर मांडताना एक सेटिंग चुकलं. चंद्रपूर-गडचिरोलीच्या भागात तेवढ्यानं हा तुकडा सुमारे १८० मीटर सरकू शकतो. क्षेत्रफळ तेच, आकारही तोच. फक्त कागदावरची बहुतेक जमीन शेजाऱ्याची!

या सेटिंगचं नाव डेटम.

डेटम म्हणजे नेमकं काय?

अक्षांश-रेखांश मोजायचे तर आधी पृथ्वीचा आकार ठरवावा लागतो. पृथ्वी काही गुळगुळीत चेंडू नाही, म्हणून गणितात तिचा एक जवळपासचा लंबगोल आकार धरतात. तो आकार किती मोठा आणि त्याचा मध्य कुठे, हे ठरलं की झाला डेटम. मध्य बदलला की त्याच झाडाचे अक्षांश-रेखांश बदलतात. झाड मात्र जागेवरच असतं.

भारताचा जुना डेटम कुठून आला?

१८०२ मध्ये विल्यम लॅम्ब्टननं मद्रासहून भारताची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. हे काम करत उत्तरेकडे सरकताना १८२३ मध्ये त्याचा मृत्यू झाला, तो चंद्रपूरच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टनं काम हाती घेतलं. १८३० चा 'एव्हरेस्ट' आकार त्याच्याच नावाचा. भारताचे जुने नकाशे या आकारावर आणि मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरच्या मूळ बिंदूवर बेतलेले आहेत.

हा आकार भारतापुरता छान बसवलेला होता, पण त्याचा मध्य पृथ्वीच्या खऱ्या मध्यापासून सुमारे ८०० मीटर दूर आहे. जीपीएसचे उपग्रह पृथ्वीच्या मध्याभोवती फिरतात, त्यामुळे त्यांना जगभर चालणारा डेटम लागतो. तो म्हणजे डब्ल्यूजीएस ८४. मोबाईल, गूगल मॅप्स आणि हातातलं जीपीएस, सगळे मुळात यावरच चालतात.

मग गोंधळ कुठे होतो?

जंगलातले नाले, टेकड्या, पायवाटा बघायला आजही सर्व्हे ऑफ इंडियाची टोपोशीट काढली जाते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीच्या नव्या शीट डब्ल्यूजीएस ८४ वर आल्या. जुन्या शीट एव्हरेस्टवर आहेत. ओळखायचं कसं? या दोन जिल्ह्यांत जुन्या शीटचा क्रमांक ५५, ५६, ६४ किंवा ६५ नं सुरू होतो. नव्या शीटचा सुरू होतो ई ४४ किंवा एफ ४४ नं. शीटच्या कडेच्या मजकुरात डेटमही छापलेला असतो, तो आधी वाचा.

डेटमशिवाय अजून दोन गोष्टी जुळाव्या लागतात.

पहिली, आकडा लिहायची पद्धत. २० अंश ११.५० मिनिटं म्हणजे २० अंश ११ मिनिटं ३० सेकंद. कुणी ते ११ मिनिटं ५० सेकंद असं वाचलं, तर बिंदू ६०० मीटरहून जास्त उत्तरेला गेला.

दुसरी, यूटीएम झोन. यूटीएममध्ये अंशांऐवजी मीटरमध्ये आकडे मिळतात, म्हणून क्षेत्रफळ काढायला ती पद्धत सोयीची. ७८ ते ८४ रेखांशाचा पट्टा म्हणजे झोन ४४. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही यातच येतात. पुणे, मुंबई, अमरावती मात्र झोन ४३ मध्ये. पुण्यात तयार केलेली सेटिंग तशीच वापरली, तर गडचिरोली शहराचा बिंदू थेट नाशिक जिल्ह्यात पडतो.

ही चूक लगेच दिसते. डेटमची दिसत नाही, कारण १८० मीटर सरकलेला बिंदूसुद्धा त्याच गावच्या त्याच जंगलात असतो. म्हणूनच ती जास्त धोक्याची.

सामूहिक दाव्यात काय बिघडतं?

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एवढ्या मोठ्या क्षेत्रात १८० मीटर किरकोळ वाटतील. पण एक किलोमीटर लांबीची शीव १८० मीटर आडवी सरकली, तर १८ हेक्टर जंगल या गावातून त्या गावात जातं. तिथला बांबू आणि तेंदू कुणाचा, यावर भांडण ठरलेलं.

काय तपासायचं?

मोजणीला निघण्याआधी जीपीएसच्या सेटिंगमध्ये मॅप डेटम 'डब्ल्यूजीएस ८४' आहे ना, ते बघा. वहीत आकड्यांसोबत डेटम, लिहायची पद्धत, झोन आणि तारीख लिहा. हातानं उतरवलेल्या आकड्यांबरोबर जीपीएक्स फाईलही द्या, कारण त्या फाईलमधले अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ मध्येच असतात.

एक सोपी चाचणी आहे. नकाशावर स्पष्ट दिसणाऱ्या पुलावर किंवा चौकात उभं राहून नोंद घ्या आणि जुळवा. दाट झाडीत जीपीएस पाच-दहा मीटर, कधी जास्तही, इकडेतिकडे दाखवतं. पण प्रत्येक ठिकाणी एकाच दिशेला दीड-दोनशे मीटरचा फरक येत असेल, तर डेटम चुकलाय असं समजा. जुन्या शीटवरचे आकडे वापरायचेच असतील, तर ते सॉफ्टवेअरमध्ये रूपांतरित करून घ्या.

आणि नकाशा जुळला नाही म्हणून दावा लगेच खोटा ठरत नाही. वनहक्क कायद्याच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार उपग्रहाची चित्रं आणि इतर तंत्रज्ञान हे बाकीच्या पुराव्यांना पूरक आहेत, त्यांची जागा ते घेऊ शकत नाहीत. त्यामुळे कुणी स्क्रीन दाखवून "तुमची जमीन इथे नाहीच" म्हणालं, तर पहिला प्रश्न विचारा: हा नकाशा कोणत्या डेटमवर आहे?